पॅनला झाकणच नाही: झाकून शिजवायचं कसं?

कृती वाचत वाचत आपण शेवटपर्यंत येतो आणि तिथे लिहिलेलं असतं, ‘झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटं शिजू द्या.’ हातात असतो भलामोठा पॅन, झाकण नसलेला. कधी तो तसाच विकत मिळालेला असतो, कधी झाकणाची काच फुटलेली असते, कधी झाकण घर बदलताना कुठेतरी राहिलेलं असतं. मग आपण ‘उघडंच शिजवू, काय फरक पडतो’ म्हणतो. वीस मिनिटांनी खालचा थर करपलेला, वरचे बटाटे कच्चे आणि मधलं पाणी गायब.

हे माझ्या हातून इतक्यांदा झालंय की शेवटी मी एक सवय लावून घेतली. झाकणाला पर्याय शोधायच्या आधी या पदार्थाला झाकण कशासाठी हवंय हे पाहायचं. कारण झाकण एकाच वेळी तीन कामं करतं आणि प्रत्येक पदार्थाला ती तिन्ही लागतात असं नाही. काम कुठलं ते कळलं की पर्याय बहुतेक वेळा ओट्यावरच सापडतो.

झाकण नक्की करतं काय

पहिलं काम म्हणजे पाणी राखणं. पाण्याची वाफ करायला प्रचंड उष्णता लागते. एक किलो पाणी २० अंशांवरून १०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यायला सुमारे ३३५ किलोजूल पुरतात, पण तेच उकळतं पाणी पूर्ण वाफेत घालवायला सुमारे २२५७ किलोजूल लागतात. म्हणजे जवळपास पावणेसात पट. उघड्या भांड्यात आपला बराचसा गॅस या वाफ करण्यातच जातो. हिशेब करून बघा: पॅनमधल्या पाण्याला ५०० वॉट उष्णता मिळत असेल आणि ती सगळी वाफ करण्यात जात असेल, तर मिनिटाला साधारण १३ ग्रॅम पाणी उडतं. वीस मिनिटांत पाव लिटरहून थोडं जास्तच. कृती लिहिणाऱ्याने हे पाव लिटर धरलेलंच नसतं, कारण त्याच्या पॅनला झाकण होतं.

दुसरं काम वरून शिजवणं. उघड्या पॅनमध्ये पाण्याबाहेर डोकावणारा बटाट्याचा तुकडा एकीकडून तापतो आणि दुसरीकडून गार होत राहतो, कारण त्याच्या पृष्ठभागावरचं पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. झाकण असलं की भांड्यातली हवा बाहेर ढकलली जाते आणि तिची जागा वाफ घेते. ती वाफ त्या तुकड्यावर पुन्हा पाणी होऊन बसते आणि वाफ होताना घेतलेली सगळी उष्णता त्याला देऊन टाकते. ‘एक वाफ आणा’ असं आपण म्हणतो त्यामागे हे आहे.

तिसरं काम पाणी परत देणं. झाकणाच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब पुन्हा पदार्थात पडतात. त्यामुळे वरचा भाग कोरडा पडत नाही, आणि खाली तळाशी थोडाफार ओलावा टिकून राहतो.

एक गैरसमज इथेच काढून टाकतो. झाकणावर जड वस्तू ठेवली की आत दाब वाढतो आणि अन्न लवकर शिजतं, असं पुष्कळ जणांना वाटतं. २४ सेंटिमीटर व्यासाच्या पॅनवर एक किलो वजन ठेवलं तर दाब वातावरणाच्या साधारण ०.२ टक्क्यांनी वाढतो. त्याने उकळबिंदू एका अंशाच्या दहाव्या भागानेही हलत नाही. पाच किलो ठेवले तरी जेमतेम तिसरा हिस्सा अंश. वजनाचा उपयोग एवढाच, की झाकण हलत नाही आणि फटी कमी राहतात. खरा दाब हवा असेल तर झाकण कुलूपबंद करावं लागतं आणि मग वाफ सोडणारी झडपही लागते. दनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली वाफेवर शिजवणारं बंद भांडं तयार केलं, तेव्हा त्यालाही सुरक्षा झडप बसवावी लागली. तेव्हा घरच्या पॅनवर ताटली ठेवून ती तारेने आवळण्याचे प्रयोग करू नका.

उलट, फट राहिली म्हणून घाबरायचंही कारण नाही. एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिलिलिटर पाणी उकळलं की त्याची सुमारे २५ लिटर वाफ होते. पॅनमध्ये पदार्थाच्या वर मोकळी जागा असते दोन-तीन लिटर. म्हणजे चमचाभर पाणी ती जागा आठ ते बारा वेळा भरून काढू शकतं. थोडी फट असलेलं झाकणही पुष्कळ काम करतं. आपल्याला हवाबंद काही करायचं नाहीये, वाफेची घाई फक्त थोडी कमी करायची आहे.

सगळ्यात सोपा पर्याय: ताटली, पण सुलटी की पालथी?

स्टीलची ताटली किंवा ताट पॅनच्या तोंडापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर मोठं असलं की काम झालं. घरातल्या घरात यापेक्षा चांगलं झाकण मला अजून सापडलेलं नाही. फक्त ते ठेवायचं कसं, इथे बहुतेक लोक चुकतात. झाकण म्हटलं की हात आपोआप ताटली पालथी घालतो, घुमटासारखी. मोठी ताटली पालथी घातली की आत जमलेलं पाणी उतारावरून कडेला जातं, कड पॅनच्या बाहेर असते, आणि थेंब पडतात शेगडीवर. गॅस चरचरतो, ओटा ओला होतो आणि पॅन मात्र कोरडा. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच असावं.

ताटली सुलटी ठेवा, जेवायला मांडतो तशी. तिचा तळ पॅनच्या तोंडात थोडा खाली जातो, थेंब त्या तळाला जमतात आणि सरळ पदार्थात पडतात. शिवाय वरच्या खोलगट बाजूत पाणी ओतता येतं. हे पाणी ताटलीला गार ठेवतं, त्यामुळे आतली जास्त वाफ पाणी होऊन खाली येते. आणखी एक फायदा असा, की पॅनमधलं पाणी आटलंच तर तापलेलं पाणी हाताशी तयार असतं. गार पाणी ओतलं की उकळी बसते आणि पुन्हा यायला वेळ घेते. ताटलीतलं गरम पाणी घातलं तर ते होत नाही.

दोन सूचना मात्र पाळा. ताटली काठोकाठ भरू नका, अर्धा सेंटिमीटर पाणी पुष्कळ झालं. आणि ती उचलायच्या आधी वरचं पाणी डावाने काढून घ्या. गरम पाण्याने भरलेली ताटली सांडशीने उचलताना ती हमखास एका बाजूला कलते. ते सगळं पाणी नको तेव्हा पदार्थात पडतं किंवा मनगटावर येतं.

चिनी मातीची बशी चालते का? चालते, पण सुरुवातीपासून ठेवलेली. पॅन गार असताना ती वर ठेवा आणि दोघांना एकत्र तापू द्या. माझी एक आवडती बशी मी कपाटातून काढून थेट दणदणीत वाफेवर ठेवली होती. काही झालं नाही. नंतर ती उचलून ओल्या दगडी ओट्यावर ठेवली आणि तिचे सरळ दोन तुकडे झाले. गरम बशी कोरड्या फडक्यावर किंवा लाकडावर ठेवायची, हे त्या दिवशी कायमचं लक्षात राहिलं. साध्या काचेच्या ताटल्या मी या कामाला वापरतच नाही. काच तडकली तर तुकडे अन्नात जातात आणि मग भांडंभर अन्न टाकून देण्यावाचून इलाज नसतो. मेलामाइन आणि प्लास्टिक तर नकोच.

ताटली पॅनपेक्षा थोडी लहान असेल तर वेगळाच घोळ होतो. कडांना उतार असलेल्या पॅनमध्ये किंवा कढईत ती अर्ध्यात जाऊन बसते, आणि मग तिला धरायला जागाच नसते. फॉइलची चार पदरी पट्टी करून ताटलीच्या खालून घ्या आणि दोन्ही टोकं पॅनच्या कडेवरून वर काढून ठेवा. टोकं गॅसच्या ज्योतीकडे लोंबणार नाहीत, एवढं बघा. नंतर चिमट्याने दोन्ही टोकं धरली की ताटली सरळ वर येते. मोठी ताटली मिळतच नसेल तर दोन लहान ताटल्या अर्ध्या-अर्ध्या एकमेकींवर चढवून ठेवल्या तरी निभावतं. दिसायला विचित्र दिसतं, पण वाफ अडते.

दुसरं भांडं पालथं घालणं

पॅन उथळ असेल आणि आतला पदार्थ काठाच्या वर आला असेल, तर सपाट ताटली बसत नाही. अशा वेळी दुसरा पॅन किंवा पातेलं पालथं घालायचं. इथे पालथं घालणं बरोबर ठरतं, पण भांड्याचं तोंड खालच्या पॅनच्या तोंडाएवढं किंवा किंचित लहान हवं, म्हणजे आतून घरंगळणारे थेंब पॅनमध्येच पडतात. नॉनस्टिक पॅनच्या काठावर धातूची धारदार कड घासली तर थर खरवडतो, त्यामुळे ठेवताना आणि उचलताना ती सरकवू नका.

दोन्ही भांड्यांची तोंडं अगदी सारखी आणि गुळगुळीत असली तर एक मजेदार अडचण येते. गॅस बंद करून पाच-दहा मिनिटांनी बघावं तर वरचं भांडं निघतच नाही. आतली वाफ गार होऊन पाणी झालेली असते, तिची जागा रिकामी पडते आणि बाहेरची हवा वरच्या भांड्याला दाबून धरते. सुरी घालून उचकटू नका, उगाच हात कापून घ्याल. मंद आचेवर मिनिटभर ठेवलं की आत पुन्हा वाफ होते आणि भांडं आपोआप सुटं होतं. काचेच्या झाकणाचंही हेच होतं, तिथेही हाच उपाय. असं होऊ नये म्हणून गॅस बंद करताना मध्ये एक चमचा आडवा घालून ठेवायचा, बस.

फॉइल: सोयीचं, पण दोन ठिकाणी दगा देतं

ॲल्युमिनियम फॉइल कुठल्याही आकाराच्या पॅनवर बसतं. दुहेरी घ्या, चारही बाजूंनी पाच सेंटिमीटर जास्त ठेवा, काठाखाली घट्ट मुडपा आणि टूथपिकने एक-दोन भोकं पाडा. पॅन गरम व्हायच्या आधी हे उरकायचं, नाहीतर काठ दाबताना बोटं भाजतात. चकचकीत बाजू आत की बाहेर हा वाद अनेक घरांत चालतो. त्यात काही तथ्य नाही. कारखान्यात शेवटच्या लाटणीत दोन पत्रे एकावर एक ठेवून रुळांतून काढतात. ज्या बाजूला रूळ लागतो ती चकाकते आणि जिथे पत्र्याला पत्रा लागतो ती मंद राहते. बाकी फरक शून्य.

पहिला दगा आंबटाचा. टोमॅटो, लिंबू किंवा व्हिनेगर असलेला खारट रस्सा फॉइलला लागत राहिला, आणि भांडं स्टीलचं किंवा लोखंडाचं असलं, तर दोन धातू आणि मधला खारट-आंबट रस मिळून चक्क एक छोटी बॅटरी तयार होते. त्यात ॲल्युमिनियम झिजतं. उरलेला पदार्थ रात्रभर तसाच झाकून ठेवला तर सकाळी फॉइलला बारीक भोकं आणि पदार्थावर करडे ठिपके दिसतात. फॉइल पदार्थाला टेकू न देणं किंवा मध्ये बेकिंगच्या कागदाचा थर घालणं, हा यावरचा उपाय.

दुसरा दगा वजनाचा. फॉइल हलकं असतं, उकळी जोरात आली की फडफडतं आणि एका कोपऱ्यातून उचललं जातं. त्यावर सुलटी ताटली ठेवली की गप्प बसतं. मग तुम्ही म्हणाल, ताटलीच होती तर फॉइल कशाला? बरोबर आहे. ताटली पुरती बसत नसेल, काठ वाकडा असेल किंवा पॅनला ओतायची चोच असेल, तेव्हा फॉइल फटी बुजवतं आणि ताटली वजन देते. एरवी मी फॉइल वाया घालवत नाही. गॅसवर असाल तर फॉइलचे कोपरे खाली लोंबू देऊ नका. इंडक्शनवर फॉइल पॅनच्या वर चालतं, पण पॅनच्या खाली किंवा शेगडीच्या पृष्ठभागावर कधीच नको, कारण ते स्वतःच तापतं.

कागदाचं झाकण

हा पर्याय फार कमी लोक वापरतात, आणि रश्शाच्या पदार्थांना तो ताटलीपेक्षाही सरस आहे. बेकिंगचा कागद पॅनच्या मापाने गोल कापायचा आणि काठावर न ठेवता सरळ पदार्थाच्या पृष्ठभागावर पसरायचा. पदार्थ आणि कागद यांच्यात हवाच नसते, त्यामुळे वर डोकावणारे तुकडे ओले राहतात, साय धरत नाही, आणि पाणी उडतं ते हळूहळू. रस्सा थोडा आटायला हवा पण भसाभस नको, अशा वेळी हेच झाकण योग्य. फ्रेंच स्वयंपाकात याला कार्तूश म्हणतात.

गोल कापायची युक्ती अशी. चौकोनी कागदाची चौघडी करा. मग दुमडलेला कोपरा टोक धरून कागदी विमानासारखी निमुळती घडी दोन-तीनदा घाला. टोक पॅनच्या मधोमध धरा, घडी पॅनच्या भिंतीला जिथे टेकते तिथे कापा. टोकाचा अगदी लहान तुकडा उडवा, म्हणजे मधोमध वाफेला भोक मिळेल. उलगडून कागद नळाखाली ओला करा, चुरगळा आणि पिळून पुन्हा पसरा. मग तो गुंडाळी न होता मुकाट्याने पदार्थावर बसतो.

हा सिलिकॉनचा थर दिलेला बेकिंगचाच कागद हवा. मेणाचा कागद नको, मेण वितळून अन्नात उतरतं. वर्तमानपत्र तर मुळीच नको. आणि कागद पॅनच्या काठाबाहेर येता कामा नये, खाली ज्योत असते.

कागदही नसेल तर कोबीची बाहेरची मोठी पानं धुऊन पदार्थावर अंथरा. पानं स्वतः शिजतात, खालचं अन्न झाकतात, आणि नंतर बारीक चिरून त्याच पदार्थात घालता येतात. धुवायलाही काही उरत नाही, हे मला फार आवडतं.

तरीही बिघडलंच तर

तळ करपतो आणि वर कच्चं राहतं, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. इथे झाकण नाही म्हणून लोक आच वाढवतात आणि घोटाळा तिथेच होतो. उकळतं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, मग ते खदखदो की मंद बुडबुडे येवोत. आच वाढवल्याने शिजणं वाढत नाही, पाणी मात्र लवकर संपतं. पाणी संपलं की तळाचं तापमान झपाट्याने चढतं आणि पदार्थ लागतो. तेव्हा आधी जोरात उकळी आणा, ताटली ठेवा, मग आच एवढी कमी करा की कडेने वाफेची बारीक रेघ तेवढी दिसेल. वाफेचा फवारा सुटत असेल तर गॅस जास्त आहे.

पदार्थ पाणचट होतो ही उलट तक्रार. पाणी भरलेल्या ताटलीने आपलं काम जरा जास्तच चोख केलेलं असतं. शेवटची पाच मिनिटं ताटली काढून टाका. भाताच्या बाबतीत गॅस बंद केल्यावर ताटली पुसून, खाली एक स्वच्छ कोरडं सुती फडकं घालून पुन्हा झाका. वाफ फडक्यात शोषली जाते आणि शितं मोकळी राहतात. पण फडकं गॅस बंद झाल्यावरच. पेटत्या गॅसवर लोंबतं फडकं हा आगीचा सरळ मार्ग आहे.

उतू जातं, तेव्हा दोष फटीचा नसून फट नसल्याचा असतो. तांदूळ, बटाटे, पास्ता यांतला स्टार्च पाण्यावर फेस धरतो आणि झाकणाखाली तो फेस फुटायला जागा मिळत नाही. ताटलीच्या एका बाजूला लाकडी चमचा घालून बोटभर फट ठेवा. फेस वर आला की गार हवेने बसतो.

भाजी शिजायलाच तयार नाही, अर्धा तास झाला? टोमॅटो किंवा लिंबू आधी घातलं होतं का बघा. भाजीच्या पेशी ज्या पेक्टिनने चिकटलेल्या असतात ते आंबटात सहज विरघळत नाही. मी एकदा तीन वेगवेगळी झाकणं बदलून पाहिली, बटाटे तसेच टणक. दोष झाकणाचा नव्हताच, आंबट आधी पडलं होतं. भाजी मऊ झाल्यावर आंबट घाला. उंच डोंगराळ भागात राहत असाल तर आणखी एक कारण असतं: दर ३०० मीटर उंचीमागे पाण्याचा उकळबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. तिथे झाकण असो वा नसो, वेळ जास्तच लागणार.

हात भाजतो, हे मात्र हसण्यावारी नेऊ नका. वाफ कातडीवर पाणी होताना तीच २२५७ किलोजूलवाली उष्णता सोडते, म्हणून वाफेचा चटका उकळत्या पाण्याहूनही वाईट बसू शकतो. बिनदांड्याची ताटली उचलताना आधी लांबची कड उचला, म्हणजे वाफ तुमच्यापासून दूर जाईल. सांडशी नाहीतर कोरडं जाड फडकं घ्या. ओलं फडकं क्षणात तापतं.

झाकणच लागणार नाही असं करता येतं का?

पुष्कळदा येतं, आणि मला वाटतं याचा विचार आधी करायला हवा. भात घ्या. मोजून पाणी घालून झाकून शिजवण्याऐवजी तांदळाच्या सहापट उकळत्या मिठाच्या पाण्यात तांदूळ सोडा, पास्त्यासारखे. साध्या पांढऱ्या तांदळाला दहा ते पंधरा मिनिटं पुरतात. दहाव्या मिनिटापासून शीत दाबून बघत राहा, मग चाळणीत ओता आणि गरम पॅनमध्ये पाच मिनिटं निवू द्या. पाणी भरपूर असल्यामुळे थोडं उडालं तरी बिघडत नाही. झाकणाचं काम पाण्यानेच केलं.

भाज्यांच्या बाबतीत सुरी मदतीला येते. उष्णता तुकड्याच्या मध्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे तुकडा अर्ध्या जाडीचा केला तर वेळ निम्मा नाही, साधारण चौथाई होतो. दोन सेंटिमीटरच्या फोडी ऐवजी एक सेंटिमीटरच्या केल्या की उघड्या पॅनमध्येही त्या करपायच्या आत शिजतात. मीठ सुरुवातीलाच घाला, म्हणजे भाजी स्वतःचं पाणी सोडेल. फ्लॉवर किंवा गाजरासारखं काही असेल तर ते दुसऱ्या पातेल्यात पाच मिनिटं उकळून घ्यायचं आणि मग पॅनमध्ये फक्त परतायचं. एक भांडं जास्त पडतं, चिडचिड मात्र वाचते.

अंडं फ्राय करताना खालचा भाग कडक आणि वरचा पांढरा भाग लिबलिबीत राहतो. अंड्याचा पांढरा भाग ६२-६५ अंशांच्या आसपास गोठायला लागतो, पण पूर्ण घट्ट व्हायला ८० च्या जवळ जावं लागतं, आणि उघड्यावर वरच्या थराला ते जमत नाही. अख्खा पॅन झाकायची गरजच नाही. अंड्याशेजारी एक चमचा पाणी टाका आणि फक्त अंड्यावर स्टीलचं छोटं भांडं पालथं घाला. मिनिटभरात वरूनही शिजतं.

मांसाचे मोठे तुकडे तासन्‌तास मंद शिजवायचे असतील तर मात्र झाकणाशिवाय भागत नाही. तिथे कागद पदार्थावर आणि ताटली पॅनवर, असं दुहेरी करा, आणि दर वीस मिनिटांनी पाणी बघा.

तळणाची गोष्ट वेगळी

तेल तापलेलं असताना झाकण ठेवू नये. ताटलीचे थेंब तेलात पडले की तेल अंगावर उडतं. तडतड अडवायला जाळी वापरतात, ती चालते, पण ती वाफ अडवत नाही, त्यामुळे तिला झाकण समजू नका. तरीही तळताना पॅन झाकेल एवढी धातूची ताटली शेजारी असायलाच हवी. तेलाने पेट घेतला तर पाणी चुकूनही ओतायचं नाही. गॅस बंद करायचा, ती ताटली बाजूने सरकवत पॅनवर आणायची आणि पूर्ण गार होईपर्यंत काढायची नाही. झाकण नसलेल्या पॅनच्या घरात याची तयारी जास्तच हवी. काचेची ताटली इथे उपयोगाची नाही.

ओव्हनमध्ये झाकायचं असेल तर दुहेरी फॉइल किंवा पालथा बेकिंग ट्रे, दोन्ही चालतात. मायक्रोवेव्हमध्ये फॉइल किंवा धातू नको. तिथे मायक्रोवेव्हला चालणारी चिनी मातीची बशी नाहीतर ओला करून पिळलेला पेपर टॉवेल घाला.

आणि झाकण विकत घ्यायचंच ठरवलं तर

पॅनवर कोरलेला आकडा पाहून जाऊ नका. तो बहुतेक वेळा वरच्या काठाचा बाहेरून मोजलेला व्यास असतो, तळाचा किंवा आतला नव्हे. पट्टी मधोमध धरून आतल्या काठापासून आतल्या काठापर्यंत मोजा, मग बाहेरचंही मोजा, दोन्ही आकडे लिहून न्या. आत बसणाऱ्या झाकणाला पहिला लागतो, वर बसणाऱ्याला दुसरा. पायऱ्या-पायऱ्यांची कड असलेली झाकणं दोन-तीन मापांच्या पॅनवर बसतात. त्या खाचांत तेलकट मळ साचतो, घासायला जुना टूथब्रश लागतो. सिलिकॉनची चपटी झाकणं हलकी आणि ठेवायला सोपी, पण काठ पुसून कोरडा नसला तर ती नीट चिकटत नाहीत. ओतायला चोच असलेला पॅन असेल तर कुठलंही गोल झाकण घ्या, चोचीतून वाफ येणारच. तिथे फॉइलचा बोटाएवढा बोळा कोंबला की झालं.

माझ्या २६ सेंटिमीटरच्या पॅनसाठी मी दोनदा झाकण आणलं. पहिलं आत पडलं, दुसरं डुगडुगतं. सध्या त्यावर ३० सेंटिमीटरची स्टीलची ताटली असते, सुलटी, अर्धा सेंटिमीटर पाणी घातलेली.